बंब होता, चावी होती, चालक घंटागाडीवर होता

एका तालुक्यातल्या ऊसआगीचं प्रकरण

तालुका, गाव, कारखाना आणि माणसं यांची नावं काढून टाकली आहेत. त्या काळात मी तहसील कार्यालयात नायब तहसीलदार होतो आणि आपत्ती व्यवस्थापनाचं टेबल माझ्याकडं होतं. जे चुकलं त्यात माझाही वाटा आहे, हे आधीच सांगतो. वेळा बंबाच्या लॉगबुकातून आणि लोकांच्या मोबाइलमधल्या कॉलच्या यादीतून जुळवल्या आहेत, त्यामुळे पाच-सात मिनिटं इकडंतिकडं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातला उसाचा पट्टा. तालुक्याचं गाव आधी ग्रामपंचायत होतं. २०१४ नंतर राज्यभर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, त्यात याचीही झाली. नगरपंचायत झाली की अग्निशमन गळ्यात पडतं. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांचे १८ विषय आहेत, त्यात अग्निशमन सेवा सातवी. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत २९ विषय आहेत, पण त्यात आगीचं नाव नाही. त्यामुळे बाजारपेठेतल्या दुकानाला आग लागली तर विझवायची कुणी ते ठरलेलं आहे, आणि शिवारातल्या उसाला लागली तर बंब जातो तो शेजारधर्म म्हणून.

नगरपंचायतीचा बंब जिल्हा वार्षिक योजनेच्या निधीतून आला होता. साडेचार हजार लिटरची टाकी, नवी कोरी गाडी. हार घातला, नारळ फुटला, फोटो निघाले. तो चालवायला मात्र मंजूर पद नव्हतं. जिल्हा नियोजनाचा पैसा गाडी घ्यायला चालतो, पगाराला चालत नाही. पद हवं तर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, बसवून मंत्रालयातून मंजुरी आणावी लागते. नगरपंचायतीनं बाह्यस्रोत संस्थेकडून, म्हणजे कंत्राटावर माणसं पुरवणाऱ्याकडून, एक चालक आणि दोन मदतनीस घेतले. सहा महिन्यांचा फायरमनचा कोर्स त्यातल्या एकानंही केलेला नव्हता.

एकच चालक म्हटल्यावर तो कायम बंबावर कसा बसून राहील? घंटागाडीचा माणूस रजेवर गेला की हाच घंटागाडीवर. उन्हाळ्यात बंबाचं पाणी दुभाजकातल्या झाडांना. मुख्याधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं; रोज कचरा उचलला नाही तर रोज फोन येतात, आग रोज लागत नाही.

त्या दुपारी

फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. गावाबाहेर एका शेतकऱ्यानं ऊस तुटून गेलेल्या रानातलं पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं. खोडवा, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, राखायचा तर पाचट सरीत दाबावं, जाळू नये, हे कृषी खातं वर्षानुवर्षं सांगतंय. पण मजूर मिळत नाही आणि काडेपेटी कुठंही मिळते. दुपारी एकच्या सुमाराला वारं सुटलं आणि पेटतं पाचट बांध ओलांडून शेजारच्या उभ्या उसात पडलं.

उभा ऊस पेटतो तेव्हा आवाज येतो. कांड्यातला रस तापून पेरं फुटतात, लवंगी फटाक्यांची माळ लावल्यासारखी. तो आवाज ऐकूनच लोक पळत आले.

१:२० ला पहिला फोन सरपंचांना. १:२५ ला कुणीतरी ११२ लावला. तिथून पोलीस ठाण्याला निरोप गेला आणि ठाण्यातून नगरपंचायतीला. १:३२ ला नगरपंचायतीतल्या लिपिकानं फोन घेतला. मुख्याधिकारी जिल्ह्याच्या ठिकाणी बैठकीत, मोबाइल बंद. हद्दीबाहेर बंब न्यायचा तर त्यांची परवानगी लागते, असा तोंडी रिवाज. लिपिकानं दहा मिनिटं त्यांना फोन लावण्यात घालवली. मग मला केला. मी म्हणालो, "पाठवा, मी बघतो." तोवर १:४५ झाले होते.

बंबाची चावी कार्यालयात खुंटीला होती. चालक शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचरा डेपोवर. तो घंटागाडी घेऊनच परत आला. टाकीचा काटा बघितला तर निम्म्याच्या खाली. सकाळी झाडांना पाणी गेलं होतं. टाकी भरत बसायचं की तसंच निघायचं? चालकानं तसंच निघायचं ठरवलं. त्या दिवशी सगळ्या तालुक्यात झटक्यात घेतलेला तेवढाच एक निर्णय बरोबर होता. २:०४ ला बंब सुटला, १४ किलोमीटर तोडून २:३१ ला शेतावर पोचला. म्हणजे पहिल्या फोननंतर एक तास अकरा मिनिटांनी.

एव्हाना आग ज्या दिशेला सरकत होती तिथं ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे हंगामापुरत्या झोपड्या, होत्या. बीडकडची टोळी, दहा-बारा कोयते, म्हणजे तेवढ्या नवरा-बायकोच्या जोड्या. बाया-माणसं दुसऱ्या शिवारात तोडीला गेलेली. कोप्यांपाशी दोन म्हाताऱ्या, लहान पोरं आणि दावणीला बैल. पोरांना गावातल्या बायकांनी उचलून नेलं. बैल सोडायला एक म्हातारी परत गेली. चार बैल सुटले, दोन राहिले. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. १०८ ची रुग्णवाहिका मात्र वेळेत आली आणि तिला ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली.

बंबानं निम्म्या टाकीत पाच-सहा मिनिटं फवारा मारला आणि पाणी संपलं. भरायचं कुठं? पन्नास पावलांवर काठोकाठ भरलेली विहीर. एक शेतकरी म्हणाला, "साहेब, हिरीत पाणी हाय, पण लाइट न्हाई." शेतीपंपाच्या थ्री फेजची त्या आठवड्याची पाळी रात्रीची होती. बंबाचा स्वतःचा पंप विहिरीतून पाणी खेचू शकतो, पण त्याचा सक्शन पाइप कार्यालयाच्या स्टोअरमध्ये राहिला होता.

आग शेवटी थांबवली ती तिघा ट्रॅक्टरवाल्यांनी. वाऱ्याच्या पुढं जाऊन त्यांनी कोवळ्या लागणीत, म्हणजे नव्यानं लावलेल्या उसात, रोटाव्हेटर घातले आणि पंधरा-वीस फुटांचा पट्टा मोकळा केला. त्यातल्या एकानं स्वतःच्याच लागणीवर रोटाव्हेटर फिरवला होता.

नुकसान

सदतीस एकर ऊस, सहा कोप्या, दोन बैल, एक जखमी. जळका ऊस एक-दोन दिवसांत गाळपाला गेला नाही तर साखरेचा उतारा आणि वजन दोन्ही पडतं, त्यामुळे पुढचे तीन दिवस टोळ्या तिकडंच वळवल्या. जळीत म्हणून कारखान्यानं दरात कपात केली ती वेगळीच.

कोप्यांचा पंचनामा करताना एक गोष्ट समोर आली. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. झोपडी जळाली तर ८,००० आणि कामाचा बैल मेला तर ३२,००० रुपये असा तेव्हाचा निकष. पण कोप्या ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नसतात, आणि टोळीवाल्यांची रेशनकार्डं दुसऱ्या जिल्ह्यातली. तलाठ्यानं आधी पंचनाम्यात कोप्या लिहिल्याच नव्हत्या. टोळीच्या मुकादमानं तहसीलदारांसमोर उभं राहून विचारलं, "घर तिकडं हाये म्हनून इथलं जळलं नाही का?" पंचनामा दुसऱ्यांदा झाला. बैलांचे पैसे मिळाले, कोप्यांचे मिळेपर्यंत टोळी गावाकडं निघून गेली होती. मग ते खात्यावर पाठवले.

अडचण नेमकी कुठं होती

आठवडाभरात जिल्हाधिकारी कार्यालयात बैठक लागली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणं जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आणि सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. लोकप्रतिनिधींची मागणी तयार होती: तालुक्याला दुसरा बंब द्या.

ही मागणी चुकीची होती असं नाही. पण मी वेळांचा तक्ता करून नेला होता. एकाहत्तर मिनिटांपैकी सत्तावीस मिनिटं रस्त्यावर गेली. बाकीची चव्वेचाळीस परवानगीत, चालक शोधण्यात आणि निरोप या तोंडातून त्या तोंडात जाण्यात. दुसरा बंब आणला असता तर त्याचीही चावी त्याच खुंटीला लागली असती आणि तोही त्याच चालकाची वाट बघत उभा राहिला असता.

समोरचे पर्याय

दुसरा बंब. पैसा मिळणं सोपं, कारण त्यासाठी अंदाजपत्रकात शीर्ष आहे आणि उद्घाटनही होतं. माणूस मात्र मिळणार नाही.

बंबावर फक्त बंबाचेच चालक, तेही पाळीत दोन. पैसा नगरपंचायतीच्या स्वनिधीतून काढायचा. मुख्याधिकाऱ्यांचा प्रश्न रास्त होता: बंब निम्म्याहून जास्त वेळा हद्दीबाहेर जातो, मग शहराच्या घरपट्टीतून खेड्यातल्या आगी का विझवायच्या? यावर त्या बैठकीत कुणाकडंही नीट उत्तर नव्हतं. आजही नाही.

साखर कारखान्याचा बंब. कारखान्याकडं स्वतःचा बंब होता, प्रशिक्षित माणसं होती आणि तो त्या गावापासून फक्त नऊ किलोमीटरवर होता. आगीच्या दिवशी कारखान्याला फोन गेला होता. पण शिफ्टच्या अधिकाऱ्याच्या सहीशिवाय गेटपास नाही आणि अधिकारी जेवायला गेलेले. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ६५ खाली जिल्हा प्राधिकरण खासगी साधनंही ताब्यात घेऊ शकतं. पण नोटीस काढून सहकार्य मिळवलं की ते एकदाच मिळतं, असं निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांचं मत पडलं. मला ते पटलं.

गावातलीच साधनं. रोटाव्हेटर, पाण्याचे टँकर, फवारणीचे ब्लोअर आणि ग्रामसुरक्षा यंत्रणेचा तो एकच नंबर, ज्यावर फोन केला की सगळ्या गावाचे मोबाइल वाजतात. पैसा जवळजवळ लागत नाही. म्हणूनच या पर्यायाकडं बैठकीत कुणी फारसं बघत नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो कायद्याच्या एका मुद्द्यावर. कलम ३४ प्रमाणं जिल्हा प्राधिकरण स्थानिक संस्थेची साधनं वापरायला लावू शकतं, म्हणजे हद्दीचा प्रश्न सुटतो. पण विधी अधिकाऱ्यांनी विचारलं, सदतीस एकर ऊस जळणं ही 'आपत्ती' कशी? कलम २ मधली व्याख्या म्हणते की नुकसान त्या भागातल्या समाजाला पेलण्यापलीकडचं हवं. निवासी उपजिल्हाधिकारी म्हणाले, "गावाला बाहेरून बंब बोलवावा लागला, म्हणजे गावाच्या आवाक्याबाहेर गेलंच की." विधी अधिकारी हसले, पण टिप्पणीवर सही केली ती 'घटना सुरू असतानाच्या कालावधीपुरते' असे शब्द घालून.

काय केलं

दुसऱ्या बंबाचा प्रस्ताव बाजूला ठेवला. हा निर्णय राजकीयदृष्ट्या अवघड होता. जिल्हाधिकाऱ्यांनी तो स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून पुढचं सगळं झालं.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात तालुक्यासाठी एक पान वाढवलं. आगीचा निरोप तहसीलच्या नियंत्रण कक्षात किंवा नगरपंचायतीत, कुठंही आला तरी बंब आधी निघणार; तहसीलदारांनी फोनवर सांगितलं की पुरे, लेखी आदेश चोवीस तासांत. मुख्याधिकाऱ्यांना फक्त कळवायचं, विचारायचं नाही. नगरपंचायतीनं बंबासाठी दोन चालक वेगळे घेतले आणि घंटागाडीवर त्यांना पाठवायचं नाही असा ठराव केला. सक्शन पाइप गाडीवरच बांधला. झाडांना पाणी बंद.

कारखान्याशी साधं सामंजस्यपत्र झालं. हंगामात कारखान्याच्या कार्यक्षेत्रातल्या आगीला त्यांचा बंब गेटपासशिवाय निघेल, फोन थेट सुरक्षा चौकीत. यासाठी कुणाला फार पटवावं लागलं नाही, कारण जळतो तो ऊस शेवटी त्यांच्याच गाळपाचा.

तलाठी आणि कृषी सहायकांनी गावोगाव याद्या केल्या: रोटाव्हेटर कुणाकडं, टँकर कुणाकडं, जनरेटरवर चालणारी मोटर कुठल्या विहिरीवर. ती शेवटची यादी सगळ्यात छोटी झाली आणि सगळ्यात कामाची ठरली.

डिझेलचं मात्र नीट काही ठरलं नाही. हद्दीबाहेरच्या फेऱ्यांचं बिल तहसीलनं द्यायचं असं तोंडी ठरलं, तहसीलकडं त्यासाठी शीर्ष नव्हतं, आणि पंपावरच्या उधारीचं पुस्तक फुगत गेलं. पंपमालक ओळखीचा होता म्हणून निभावलं. एखाद्या व्यवस्थेचा इतका मोठा भाग ओळखीवर चालावा, हे मला तेव्हाही टोचत होतं.

पुढं काय झालं

पुढच्या हंगामात डिसेंबरात पहिली परीक्षा झाली. दुसऱ्या एका गावात ऊस पेटला. गावाचे मोबाइल वाजले, पंधरा मिनिटांत चार ट्रॅक्टर बांधावर. कारखान्याचा बंब बाविसाव्या मिनिटाला आणि नगरपंचायतीचा पस्तिसाव्या मिनिटाला पोचला. अडीच एकरांवर आग आटपली. बैठकीत हे सांगताना माझी छाती जरा फुगली होती, हे कबूल.

मग एप्रिल आला. बाह्यस्रोत संस्थेचं कंत्राट ३१ मार्चला संपलं. नव्या निविदेत एक संस्था अपात्र ठरली, फेरनिविदा निघाली आणि दोन्ही चालक घरी बसले. कारखाना गाळप संपवून बंद झालेला, सामंजस्यपत्र हंगामापुरतंच. एप्रिलच्या अखेरीस एका वस्तीवर कडब्याच्या गंजीला आग लागली. जनावरांचा वर्षाचा चारा आणि शेजारी पत्र्याचा गोठा.

बंब आला, आणि वेळेत आला. चालवत होता घंटागाडीचा चालक. गाडी उभी केली, मदतनिसांनी नळी पसरली, आणि पाणी येईना. गाडीच्या इंजिनाची ताकद पंपाकडं वळवायचा पीटीओचा खटका कुठला, हे त्याला माहीत नव्हतं. खाली-वर, उजवी-डावी, सगळे खटके ओढून झाले. शेवटी घरी बसलेल्या जुन्या चालकाला व्हिडिओ कॉल लावला. मोबाइल डॅशबोर्डसमोर धरून तो सांगतोय, "क्लच दाब आधी, मग तो पिवळा दांडा वर घे," आणि मागं गंजी धडधडतेय. पाणी सुरू झालं तेव्हा गंजी गेली होती. गोठा वाचला.

त्या शेतकऱ्यानं तक्रार केली नाही. तो एवढंच म्हणाला, "गाडी लई भारी हाय तुमची."

आज करायचं झालं तर

ही आग लागली ती आमच्या तारखांच्या फटीत. आमची व्यवस्था आर्थिक वर्षावर आणि गाळप हंगामावर बेतलेली होती. आगीचा धोका मार्च ते मे सगळ्यात जास्त, आणि नेमकं तेव्हाच आमचं कंत्राटही संपत होतं आणि करारही. कंत्राट जुलै ते जून ठेवता आलं असतं. तीन वर्षांचं करता आलं असतं. बैठकीत हे कुणाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही. मी वेळांचा तक्ता केला होता, पण तो मिनिटांचा. महिन्यांचा केलाच नव्हता.

दुसरी चूक म्हणजे सराव. दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो, १९४४ मध्ये मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांच्या स्मरणार्थ. त्यालाच जोडून सप्ताह. त्या आठवड्यात आम्ही शाळेच्या मैदानावर टायर पेटवून बंबाचं प्रात्यक्षिक केलं होतं. ते करून दाखवलं जुन्या चालकानं, एका दिवसाच्या मानधनावर बोलावून. घंटागाडीवाला प्रेक्षकांत उभा होता. त्याला त्या दिवशी गाडीवर बसवलं असतं तर?

बैठकीला मुकादम नव्हते, हेही खटकतं. हंगामात शिवारात सगळ्यात जास्त माणसं टोळ्यांची असतात आणि आगीच्या तोंडावर कोप्या त्यांच्याच. कोप्या कुठं बांधायच्या आणि उभ्या उसापासून किती अंतर सोडायचं, हे मुकादमाशी नोव्हेंबरातच बोलून ठरवता येतं. आता कारखान्याचा शेती विभाग टोळी उतरवतानाच जागा दाखवतो. तो बदल मात्र आमच्या बैठकीतून आला नाही. ज्या म्हातारीचे हात भाजले, तिच्या मुलानं पुढच्या वर्षी उसाला लागून कोपी बांधायला चक्क नकार दिला, तिथून तो सुरू झाला.

दुसरा बंब टाळण्याचा निर्णय बरोबर होता का? मी अजून हो म्हणतो, पण पहिल्याइतक्या ठसक्यात नाही. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांना नगरपंचायतीपासून चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात, माणूस असो वा नसो. तिकडचे सरपंच मला भेटले की अजून तेच विचारतात.

माझी बदली झाल्यावर दोन वर्षांनी कामानिमित्त त्या नगरपंचायतीत गेलो होतो. खुंटीला चावी नव्हती. चौकशी केली तर चालक ती गळ्यात दोरीला बांधून फिरतो म्हणाले. खुंटीशेजारी भिंतीवर एका कागदावर पेननं पीटीओची आकृती काढलेली होती, पिवळ्या दांड्याला पिवळी पेन्सिल फिरवून. खाली तारीख होती, आणि कंत्राटाची मुदत.

३१ मार्चच होती.